कान विकून घेतलेला पडदा

नवं मेटल डिटेक्टर घेतलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या यंत्राकडे बघू नका, मानेकडे बघा. मान खाली वळलेली असते, पण नजर जमिनीवर नसते. मुठीच्या पुढे बसवलेल्या त्या चौकोनी पडद्यावर खिळलेली असते. इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोकमध्ये, गव्हाची कापणी आटोपली की धसकटांनी भरलेल्या रानात अशा माना शेकड्यांनी दिसतात. शेतमालकाला माणशी ठरलेले पैसे द्यायचे आणि दिवसभर रान तुडवायचं. यंत्र टुंग करतं, माणूस पडद्यावर बघतो, आकडा मनाजोगता नसला की पुढे सरकतो. पायाखाली नेमकं काय होतं ते त्याला कधीच कळत नाही, आणि कळलं नाही याची त्याला खंतही नसते.

मी या रानांतून बरीच वर्षं फिरतो आहे. मूळचा सांगलीकडचा, पोटापाण्यासाठी उभा जन्म सर्किट बोर्डं दुरुस्त करण्यात घालवला. तेव्हा ‘म्हातारा डिजिटलला भितो’ हा आरोप माझ्यावर करू नका, तो चिकटणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गेल्या पंधरा-वीस वर्षांत डिटेक्टरच्या धंद्यानं आपल्याला यंत्रापेक्षा जास्त न ऐकण्याची सवय विकली. आणि आपण ती दीड-दोन लाख रुपयांच्या घरातली किंमत मोजून, वर पेढे वाटत, घरी आणली.

आधी यंत्रात असतं काय ते बघू. खालच्या थाळीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडायचा. त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, वाटेत धातू भेटला की त्या धातूत गोल गोल फिरणारे प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र परत वर येतं. दुसरं वेटोळं ते टिपतं. परत येणाऱ्या लाटेला किती उशीर झाला, यावरून धातू कोणता असेल याचा अंदाज बांधायचा. चांदीचं जाड नाणं जास्त उशीर लावतं, चॉकलेटचा चंदेरी कागद कमी. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रात हेच होतं आणि काल कारखान्यातून निघालेल्या यंत्रातही हेच आहे. थाळीतलं तांबं ना ॲनालॉग ना डिजिटल. फरक पडतो तो त्यानंतर. जुन्या यंत्रात हा संकेत कपॅसिटर-रेझिस्टरच्या गाळण्यांतून जवळजवळ सरळ हेडफोनपर्यंत येतो. नव्यात त्याचे आकडे पाडून चिपच्या हवाली करतात, चिप निकाल लावते आणि तुम्हाला फक्त निकालपत्र मिळतं.

आता हा निकाल कशाच्या जोरावर लागतो? उशीर धातूच्या जातीवर अवलंबून असतो हे खरं, पण तो वस्तूच्या आकारावर, जाडीवर, ती जमिनीत आडवी पडली आहे की उभी, शेजारी खिळा आहे का, माती ओली आहे का, या सगळ्यावरही अवलंबून असतो. म्हणून मध्यम आकाराची सोन्याची अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी या दोघी पडद्यावर एकाच आकड्यावर येऊन बसतात. हा कुठल्या एका कंपनीचा दोष नाही. निसर्गाचा नियमच तसा आहे, आणि बाजारातली सगळ्यात महागडी चिपसुद्धा तो मोडू शकत नाही. उलट मोठं लोखंड, म्हणजे घोड्याची नाल किंवा नांगराच्या फाळाचा तुकडा, कित्येकदा चांदीच्या थाटात उंच आकडा दाखवून मोकळं होतं. त्यात प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी. एकीची ० ते ९९, दुसरीची उणे ९ ते ४०. तेच नाणं इथे ८०, तिथे २४. लोक हे आकडे पाढ्यांसारखे पाठ करतात, वहीत तक्ते लिहून आणतात. पुढच्या वर्षी यंत्र बदललं की नवे पाढे.

या सगळ्याच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगतो, कारण त्यात एक चपराक आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात नेमकी कुठे अडकली आहे ते कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं तारांच्या वेटोळ्यांचं उपकरण घेऊन आले. धातू जवळ आला की टेलिफोनच्या कर्ण्यात आवाज बदलायचा. पडदा नाही, आकडा नाही. ऐकायचं आणि ठरवायचं. तरी गोळी सापडली नाही. एक तर गादीत पोलादी तारा होत्या. दुसरं म्हणजे गोळी उजव्या बाजूलाच आहे असं मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, आणि बेलना त्यांनी शोधू दिलं ते उजव्या बाजूलाच. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डाव्या अंगाला निघाली. उत्तर आधी ठरवून यंत्राला फक्त होकार मागणारा हा जो डॉक्टर, त्याचे वंशज आज हातात पडदा धरून रानात फिरतात. २० ते ३० सोडून बाकी सगळे आकडे बंद करून ठेवायचे आणि मग ‘या शेतात काही नाही’ म्हणून शेताला नावं ठेवायची.

दुसऱ्या महायुद्धातही कामाला आले ते कानच. स्कॉटलंडमध्ये असलेला पोलंडचा लेफ्टनंट यूझेफ कोसात्स्की यानं १९४१-४२ च्या सुमारास सुरुंग शोधणारं यंत्र तयार केलं, पेटंट न घेता ब्रिटिश लष्कराला देऊन टाकलं, आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळूत सैनिक ते घेऊन पुढे सरकले. कानाला हेडफोन, हातात दांडा. तिथे चुकलेला आवाज म्हणजे पाय गेला. त्या माणसांना कोणी सांगितलं असतं की ऐकू नका, आकडा बघा, तर त्यांनी सांगणाऱ्याला पुढे चालायला लावलं असतं.

माझं जुनं यंत्र अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या प्रेस्कॉट गावचं, टेसोरो कंपनीचं. दोन-तीन नॉब, एक खटका, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एकच सूर. नवशिक्या पोरांना वाटतं, एका सुरात काय कळणार? तर ऐका. थाळी फिरवताना आवाज आला की मी थांबतो आणि त्याच जागेवर आखूड झोके घेतो. एका हाताचा अंगठा डिस्क्रिमिनेशनच्या, म्हणजे नको ते धातू गाळणाऱ्या, नॉबवर. नॉब हळूहळू चढवत न्यायचा. चंदेरी कागद असेल तर आवाज लगेच मरतो. डब्याची कडी थोडी पुढे जाऊन अडखळते, आधी कडेनं फाटते आणि मग जाते. बाटलीचं फिरकीचं झाकण आणखी तग धरतं. जाड तांबं किंवा चांदी नॉब टोकाला गेला तरी हटत नाही. मग मी त्या जागेभोवती काटकोनात फिरून परत झोका घेतो. नाण्याचा आवाज चारी बाजूंनी गोल येतो. खिळा एका दिशेनं गोड बोलतो आणि दुसऱ्या दिशेनं तडतडतो. थाळी वीतभर उचलायची. वस्तू लहान असेल तर आवाज चटकन विरतो. नांगराचा फाळ असेल तर गुडघ्याएवढ्या उंचीवरूनही बोंब मारतो. खोलवरचं नाणं कुजबुजतं, वरचं ओरडतं. हे शिकायला एक हंगाम पुरतो, फार तर दोन. मात्र त्यासाठी सुरुवातीला सगळं खणावं लागतं आणि पिशवीभर भंगार घरी न्यावं लागतं.

नव्या यंत्रातही आवाज असतोच, पण बहुतेक वेळा तो चिपनं बनवलेला असतो. संकेत आला, चिपनं त्याला एका कप्प्यात टाकलं, त्या कप्प्याचा ठरलेला सूर वाजला. कडेचं फाटणं आणि अडखळणं गाळून, इस्त्री करून तुमच्यापुढे ठेवतात. काही चांगल्या यंत्रांत कच्चा आवाज ऐकायची सोय आहे, हे मान्य. पण ती सेटिंग उघडणारा माणूस मला रानात क्वचित भेटला. लोक डबा उघडतात, ‘नाणी’ असं लिहिलेला मोड लावतात आणि चालू पडतात.

आमच्याकडे एक मराठी पोरगा येतो. नोकरी सॉफ्टवेअरची, शनिवार-रविवार रानात. यंत्र सगळ्यात नवं. परवाच्या हंगामात एका चर्चच्या मागच्या शेतात तो माझ्या पुढे दहा पावलांवर होता. थांबला, पडद्याकडे बघितलं, म्हणाला, “काका, हा आकडा फॉइलचा. सोडतो.”

मी म्हटलं, “आवाज कसा आला?”

“आवाज?” त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला ज्वारीचा भाव विचारला.

मी माझी थाळी फिरवली. बारीक आवाज, पण दोन्ही बाजूंनी स्वच्छ, कुठे फाटत नव्हता. नॉब थोडा चढवला की जात होता, हेही खरं. म्हणजे वस्तू पातळ आहे किंवा लहान आहे. त्याला म्हटलं, खण. खुरप्यानं ढेकूळ काढलं, हातानं चुरलं. अर्धवर्तुळाकार, नखाएवढी, काळवंडलेली चकती निघाली. मध्ययुगात सुटे पैसे नसले की चांदीची पेनी सरळ मधोमध कापायचे आणि अर्धी चालवायचे. त्यातली ही एक अर्धी. एका अंगाला क्रॉसचा हात स्पष्ट दिसत होता. अशी अर्धी आणि पाव नाणी, किंवा अँग्लो-सॅक्सन काळातले ते बारीक चांदीचे स्कॅट, सगळी कचऱ्याच्या आकड्यांतच येतात, कारण लहान वस्तू उशीर कमी लावते. नको ते आकडे बंद केलेले लोक अशा वस्तूंवरून वर्षानुवर्षं चालत गेलेले आहेत. पोरानं नाण्याचा फोटो काढला आणि पहिला प्रश्न विचारला, “हा आकडा सेव्ह करून ठेवू का?” मी कपाळाला हात लावला.

आता खोलीचं बघू, कारण जाहिरातीत सगळ्यात मोठा डंका तिचाच. दरवर्षी नवं मॉडेल, दरवर्षी ‘आधीपेक्षा कितीतरी खोल’. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. थाळीपासून दूर जाल तसं तिचं क्षेत्र अंतराच्या घनानं कमी होतं. नाण्यातून उठलेलं क्षेत्र वर येताना परत घनानं कमी होतं. दोन्हींचा गुणाकार केला की लहान वस्तूचा संकेत अंतराच्या सहाव्या घातानं घटतो. म्हणजे तेच नाणं दुप्पट खोलीवर गेलं की त्याचा आवाज निम्मा होत नाही, चौसष्टावा हिस्सा उरतो. हा उतार असा आहे की कितीही हुशार चिप लावली तरी पदरात दोन बोटं जास्त पडतात, हातभर नाही. कंपन्यांच्या इंजिनिअरांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. म्हणून जाहिरातीतलं ‘खोल’ हे नेहमी कोरड्या, स्वच्छ, खिळा नसलेल्या मातीतलं असतं; किंवा त्याहून सोपं, थाळीसमोर हवेत नाणं हलवून दाखवलेलं.

मोठे खजिने कोणत्या यंत्रांनी शोधले याची यादी तर या पडदेवाल्यांनी वाचूच नये. १९८० साली ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या किंगाउअरजवळ केव्हिन हिलियर यांना २७ किलोंहून जड सोन्याचा गोळा मिळाला, ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा. तो आता लास वेगासच्या एका कॅसिनोत काचेमागे आहे. यंत्र त्या काळातलं, काटा आणि नॉबवालं गॅरेट. १९८९ मध्ये मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात १२ किलोंचा ‘बूट ऑफ कॉर्टेझ’ मिळाला, तो रेडिओ शॅकच्या दुकानातल्या स्वस्तातल्या डिटेक्टरनं. आणि जुलै २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या हॅमरविचजवळ टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन सोन्याचा आजवरचा सगळ्यात मोठा साठा मिळाला, तेव्हा त्यांच्या हातातलं यंत्र चौदा वर्षांचं जुनं होतं. त्या साठ्याची किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड. यावर पडदेवाले म्हणतात, अहो, तेव्हा रानं ताजी होती, पहिल्यांदा जाणाऱ्याला मिळणारच. अगदी बरोबर! मग तेच कबूल करा ना. सापडतं ते रानामुळे, शेतकऱ्यानं दिलेल्या परवानगीमुळे आणि नांगर कधी फिरला यामुळे. यंत्राचा नंबर त्यानंतर लागतो. पण रान विकता येत नाही आणि परवानगीला दरवर्षी नवं मॉडेल काढता येत नाही.

आता नव्या यंत्रांच्या पदरात त्यांचं माप टाकतो, कारण खोटं बोलून भांडण जिंकण्यात मला रस नाही. समुद्रकाठची ओली, खारी वाळू वीज वाहून नेते. तिथे माझं एका फ्रिक्वेन्सीचं जुनं यंत्र केकाटत सुटतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं तिथे शांत राहतात, कारण त्या फ्रिक्वेन्सींची तुलना करून मिठाचा संकेत वजा करता येतो. नॉरफोकमधल्याच क्रोमरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी त्या सॉफ्टवेअरवाल्या पोराच्या यंत्रानं माझ्या यंत्राला धूळ चारली, आणि ते त्याचं हक्काचं होतं. खिळ्यांनी भरलेल्या जुन्या घराच्या जागेवर दोन संकेतांमध्ये लवकर सावरणारी चिप नक्कीच कामाची. वजनही कमी झालं आहे. साठी उलटलेल्या खांद्याला ते पहिल्या तासातच समजतं. लाल, लोहयुक्त मातीतही चालतील अशी यंत्रं ऑस्ट्रेलियन लोकांनी काढली, त्यांना मी सलाम करतो. पण हे सगळं पडद्याशिवायही झालं असतं. सुधारणा सगळ्या थाळीत आणि संकेतावरच्या प्रक्रियेत झाल्या. आकडा हे वर लावलेलं बाशिंग आहे, आणि लोक पैसे मोजतात ते बाशिंगाचे.

खरी लूट पुढे आहे, दुरुस्तीत. माझ्या टेसोरोचा नॉब खरखरला तेव्हा मी काही पेनींचं पोटेन्शिओमीटर आणलं, सोल्डरिंग गन तापवली आणि चहा निवायच्या आत काम झालं. ही कंपनी पहिल्या मालकाला आयुष्यभराची हमी द्यायची. २०१८ मध्ये ती बंद पडली. ओरेगनमधल्या स्वीट होम गावची व्हाइट्स, १९५० पासूनची, २०२० मध्ये बंद पडली. टिकणारी, दुरुस्त होणारी वस्तू विकणाऱ्याचं दुकान चालत नाही, कारण गिऱ्हाईक परत येत नाही. याउलट मी हौसेनं एक नवं डिजिटल यंत्र घेतलं होतं. वॉरंटी संपली आणि थोड्याच दिवसांत पडद्यावर आडव्या रेघा आल्या. कंपनीचं नाव मी सांगत नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी आहेत. उत्तर आलं की हा भाग सुटा मिळत नाही, पूर्ण वरचा डबा बदलावा लागेल. किंमत? नव्या यंत्राच्या निम्म्याहून जास्त. मी उघडून बघितलं तर सगळं रबरी रिंगा आणि गोंदानं बंद, बॅटरीसुद्धा आत चिणलेली. पाण्यात चालावं म्हणून तसं केलं म्हणे. असेलही. पण कोरड्या शेतात फिरणाऱ्या माणसालाही तोच चिणलेला डबा घ्यावा लागतो, याला काय म्हणायचं?

आणि ते सॉफ्टवेअर अपडेट! पूर्वी यंत्र विकत घेतलं की ते पुरं झालेलं असायचं. आता अर्धं कच्चं यंत्र विकतात, गिऱ्हाइकं रानात त्याच्या चुका शोधतात, आणि सहा महिन्यांनी कंपनी त्याच चुका दुरुस्त करून ‘मोफत अपडेट’ म्हणून उपकार करते. पैसे देऊन चाचणीची वेठबिगारी करायची आणि वर आभार मानायचे. यूट्यूबवरचे शूर तर वेगळेच. यंत्र फुकट मिळालेलं, पाचव्या मिनिटाला सोन्याचं नाणं, चेहऱ्यावर आश्चर्य. त्या व्हिडिओत दिवसभर निघालेले खिळे, काडतुसांच्या पुंगळ्या आणि ट्रॅक्टरचे वॉशर कुठे जातात हे मला कोणी सांगेल का?

यात एक गंभीर गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये हा छंद कायद्यात बसतो. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे; खजिन्याच्या व्याख्येत बसणारी वस्तू मिळाली की चौदा दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. बाकीच्या वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या नोंदणी योजनेकडे स्वखुशीनं नोंदवता येतात, आणि अशा लाखो नोंदींवर अभ्यासक जुन्या काळाचा नकाशा उभा करतात. आता विचार करा, हजारो लोक एकाच जातीचे आकडे खणायला लागले आणि बाकीचे सोडायला लागले तर तो नकाशा कसा होईल? जाड चांदी भरपूर, शिसं कमी, लोखंड जवळजवळ नाही. उद्याचा संशोधक म्हणेल, या गावात गरीब लोक राहतच नव्हते.

हे सगळं वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल की ही साहेबाच्या देशातली चैन, आपल्याला काय त्याचं? आहे ना, आपलंही आहे. वर्षातून एखादा फोन मला गावाकडून येतोच. “भाऊ, तिकडनं एक मशीन घेऊन या. आजोबांच्या वाड्यात काहीतरी आहे. पण पडद्यावालं आणा हां, सोनं आहे का तांबं ते लिहून येणारं.” आपल्याकडे हा बाजार छंदाचा नाही, गुप्तधनाचा आहे, आणि पडद्याची भूल तिथे सगळ्यात जास्त चालते. जमिनीखालची हंडी रंगीत चित्रात दाखवणारी, शंभर फुटांवरून सोन्याची दिशा सांगणारी यंत्रं ऑनलाइन राजरोस विकली जातात. वर सांगितलेला सहावा घात आठवा आणि शंभर फूट आठवा. मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ सिनेमानंतर मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या पायथ्याशी लोक मुघलांचं सोनं शोधायला रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते. पूर्वी मांत्रिक लिंबू फिरवून सांगायचा, आता पडदा सांगतो. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणाऱ्या मांत्रिकासाठी महाराष्ट्रानं २०१३ मध्ये कायदा केला. पडद्यासाठी कोण करणार?

आणि हे फक्त अडाणी माणसाचं होतं असं समजू नका. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसानं हरवलेले गोल्फचे चेंडू शोधायच्या गमतीच्या खेळण्यावरून बेतलेली दांडी ‘एडीई ६५१’ या भारदस्त नावानं बॉम्बशोधक म्हणून इराकच्या सरकारला विकली. आत चालणारं सर्किटच नव्हतं. बगदादच्या नाक्यांवर पोलीस ती हलवत उभे राहिले आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या पुढे गेल्या. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. यंत्र काय ऐकतं आहे हे न विचारता ते काय सांगतं आहे एवढंच बघितलं की हे होतं. आपल्याकडच्या मॉलच्या, देवळांच्या, स्टेशनांच्या दारातल्या चौकटींचं दुखणं याच घरातलं. चौकट प्रत्येक माणसामागे टुंग करते, आडवे दिवे लागतात, आणि शेजारच्या खुर्चीतला शिपाई मोबाईल बघत असतो. तिथली जुनी चौकट काढून जास्त दिव्यांची नवी बसवली की सुरक्षा वाढली असं टेंडरमध्ये लिहितात. ऐकणारा माणूस मात्र तोच, त्याच पगारावर, त्याच खुर्चीत.

म्हणून जे यंत्र विचारतात त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. इंग्लंडात असाल आणि छंद लागलाच असेल, तर पहिलं वर्ष जुनं, नॉबवालं, वापरलेलं यंत्र घ्या. उरलेल्या पैशांतून चांगले हेडफोन आणि धारदार खुरपं आणा, शेतकऱ्याच्या दारात जाऊन लेखी परवानगी मागा, संरक्षित स्मारकाच्या जागेपासून लांब राहा, आणि वर्षभर प्रत्येक आवाज खणा. समुद्रकाठी राहत असाल तर खुशाल अनेक फ्रिक्वेन्सीवालं घ्या. पण पहिले सहा महिने पडद्यावर कागद चिकटवून ठेवा. महाराष्ट्रात असाल तर घेऊच नका. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं दडलेलं काही मिळालं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. आणि गड-किल्ल्यांवर थाळी फिरवायला जाल तर तिथे ना ॲनालॉगची दया येईल ना डिजिटलची, सरळ गुन्हा दाखल होईल, आणि व्हायलाच हवा.